कुंडीखालचा आठ मिलिमीटरचा शंख

पावसाळा लागला की गच्चीवरच्या कुंड्या एकेक उचलून त्यांच्या बुडाशी काय चिकटले आहे ते पाहायचे, हा माझा गेल्या काही वर्षांचा नेम आहे. तिथे सर्वांत जास्त दिसते ती तांदळाच्या लांब दाण्याएवढी, उभट आणि निमुळत्या शंखाची गोगलगाय. कुंडीत शेणखत मिसळताना ती पुष्कळांच्या बोटांना लागली असेल. तिला नेमके नाव देणे मात्र वाटते तितके सोपे नाही, कारण जवळजवळ याच घडणीच्या अनेक जाती आपल्याकडे ओल्या पाचोळ्यात राहतात.

यंदा एक रिकामा, शाबूत शंख मऊ ब्रशने धुऊन मी आलेखाच्या कागदावर ठेवला आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिला. उंची 8 मिलिमीटर, वेढे साडेसात. शंख पातळ, मेणासारखा फिकट, आतून उजेड झिरपेल असा. टोक बोथट, वेढे किंचित फुगीर आणि अंगावर वाढीच्या बारीक उभ्या रेषा. एवढ्यावर जात ठरत नाही. ती ठरते तोंडापाशी. शंखाचे वेढे ज्या मधल्या दांड्याभोवती गुंडाळलेले असतात, त्याचे खालचे टोक सुब्युलिना ऑक्टोना या जातीत आडवे छाटल्यासारखे असते. पश्चिम घाटात आढळणाऱ्या ग्लेसुला प्रजातीतही (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) ते तसेच असते. माझ्या शंखात तो दांडा सरळ खाली उतरून तोंडाच्या काठात सलग मिसळला होता. त्यावरून, आणि सडपातळ बांध्यावरून, ही ॲलोपिअस ग्रॅसिले ठरली.

असेच शंख मी दोन पावसाळे सुब्युलिना म्हणून डबीत भरून ठेवले होते, कारण ते फक्त पाठीकडून पाहिले होते. म्हणून गोगलगायींची छायाचित्रे काढणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे, की एक तरी चित्र शंखाचे तोंड समोर ठेवून काढावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी.

या जातीचे पहिले वर्णन थॉमस हटन या लष्करी अधिकाऱ्याने 1834 साली मिरझापूरच्या शंखांवरून केले, तेव्हा तिचे नाव होते ब्युलिमस ग्रॅसिलिस. पुढे ती ओपिअस, लॅमेलॅक्सिस अशा प्रजातींतून फिरली आणि आज ती गोगलगायींचे अभ्यासक बेकर यांनी 1935 साली मांडलेल्या ॲलोपिअसमध्ये आहे. ओपिअस म्हणजे ग्रीक भाषेत चांभाराची आरी, आणि शंख हातात घेतला की हे नाव किती नेमके आहे ते कळते. हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे ग्रॅसिलिसचे ग्रॅसिले झाले. प्रजाती बदलल्यामुळे हटनचे नाव आणि साल आता कंसात लिहितात. या साऱ्या फेऱ्यांत ग्रॅसिलिस हा मूळ शब्द टिकून राहिला, हे मला फार मोलाचे वाटते. कुल, म्हणजे प्रजातींहून मोठा गट, तेही बदलले: पूर्वीचे सुब्युलिनिडी आता ॲकॅटिनिडीमध्ये उपकुल म्हणून धरले जाते, म्हणजे भाजीपाला फस्त करणारी ती राक्षसी आफ्रिकी गोगलगाय हिच्याच कुलातली आहे.

आज ही जात जवळजवळ सगळ्या उष्ण प्रदेशांत आढळते, आणि रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून तिचा प्रवास अजूनही चालू आहे. ती मूळची अमेरिकेतली असे पुष्कळदा लिहिले गेले. परंतु पॅसिफिक बेटांवर युरोपीय जहाजे पोहोचण्यापूर्वीच्या वस्तीच्या थरांतही तिचे शंख मिळाले आहेत. ते पॉलिनेशियन लोकांच्या रोपांबरोबर पश्चिमेकडून आले असावेत, हा तर्क मला अधिक पटतो.

जिवंत प्राणी पिवळसर असतो, आणि पावसाळ्याच्या भरात त्याच्या शंखातून आतली पांढरी अंडी ओळीने दिसतात. या महिन्यात त्याच कुंडीखाली आणखी एक बारीक शंख सापडला: नळीसारखा, तोंडात दातांसारखे उंचवटे असलेला, आणि आतला प्राणी भडक नारिंगी. ही हटनेला बायकलर, इतर लहान गोगलगायी खाणारी शिकारी जात. हटनने तिचेही वर्णन 1834 सालच्या त्याच लेखात केले होते. मी पाहिले तेव्हा तिचे अर्धे अंग एका ॲलोपिअसच्या शंखात शिरलेले होते.