वीस वर्षांचे ई-मेल खाते आणि नाहीसे झालेले मेल

आमच्या ठाण्यातील गृहनिर्माण संस्थेची मी गेली चार वर्षे सचिव आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असल्यामुळे ऑगस्ट महिना कागदपत्रे जुळवण्यात जातो. गेल्या ऑगस्टमध्ये इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सभासदांना पाठवायचा होता आणि तो माझ्या मेलमध्ये काही केल्या सापडेना. अभियंत्यांना फोन करून मी जरा तक्रारीच्याच सुरात विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, जुलैतच पाठवला आहे आणि तुमचे उत्तरही आले आहे." पाच मिनिटांत त्यांनी माझेच उत्तर मला पाठवून दिले. "अहवाल मिळाला, धन्यवाद. सविस्तर वाचून कळवते." शब्द माझे होते, खाली नाव माझे होते, आणि मूळ मेल मात्र माझ्याकडे नव्हता.

चौतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काढल्यावर 'वस्तू होती, पण आता जागेवर नाही' हे वाक्य मी किती वाचकांना ऐकवले असेल, याची गणती नाही. आपल्यावर तीच वेळ आली की कसे वाटते, ते तेव्हा कळले.

हे जीमेलचे खाते मी २००५ साली उघडले. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले, तेव्हा हॉटमेल आणि याहू दोन ते चार एमबी जागा देत असताना त्यांनी एक जीबी देऊ केली होती आणि खाते मिळायला कोणाचे तरी निमंत्रण लागत असे. मला ते महाविद्यालयातील एका तरुण प्राध्यापकांनी दिले. तेव्हापासून आयकर, विमा, बँक, भविष्य निर्वाह निधी, सोसायटी अशा सगळ्या दारांवर हाच एक पत्ता लागलेला आहे, त्यामुळे खाते बदलण्याचा विचार करणे म्हणजे राहते घर पाडण्यासारखे होते.

आधी मी सर्वसामान्य जागा पाहिल्या. स्पॅम पाहिले, प्रमोशन्स पाहिले, 'ऑल मेल' पाहिले. जीमेलचा साधा शोध स्पॅम आणि बिन (टाकून दिलेल्या मेलचा कप्पा) हे दोन कप्पे धुंडाळतच नाही, हे मला माहीत नव्हते. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर क्लिक केल्यावर तपशीलवार शोधाची चौकट उघडते आणि तिच्यात सर्वांत खाली कुठे शोधायचे हे निवडता येते. तिथे मेल, स्पॅम आणि बिन हे तिन्ही एकत्र घेणारा पर्याय निवडून अभियंत्यांचा पत्ता टाकला आणि अहवाल लगेच समोर आला. तो बिनमध्ये होता. त्याच्या शेजारी बँकेची पत्रे होती, बहिणीची पत्रे होती, विम्याच्या हप्त्याची पावती होती. मागच्या महिन्याभरातले जवळजवळ सगळे मेल तिथे होते, आणि त्यांतले एकही मी टाकलेले नव्हते.

बिनमधला मेल ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो. अहवालाची मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता. मी त्याच क्षणी बिनमधले सगळे निवडून इनबॉक्समध्ये हलवले, आणि मग इनबॉक्समध्ये मागे मागे जाऊ लागले. बिनमधून आणलेली सोडली तर २०१७ पासूनची पत्रे नव्हतीच. त्याआधीची मात्र जशीच्या तशी होती. सात वर्षांची फळी कोणीतरी उचलून नेली होती आणि मला पत्ता नव्हता, कारण २०१९ चे पत्र उघडून पाहण्याची गरज रोज कोणाला पडते?

खाते कोणीतरी फोडले, हाच पहिला संशय आला. पासवर्ड बदलला, फिल्टर तपासले, मेल दुसऱ्या पत्त्यावर परस्पर वळवले जात आहेत का तेही पाहिले. काहीच वावगे दिसेना. शेवटी संगणकावर जीमेल उघडून पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे बारीक अक्षरांत असलेल्या 'डिटेल्स' या शब्दावर क्लिक केले. खात्यात अलीकडे कोण, कसे आणि कधी शिरले, याची यादी तिथे असते. ब्राउझर आणि मोबाईल यांच्या ओळींमध्ये एक ओळ 'पॉप३' अशी होती. ठिकाण महाराष्ट्र, वार रविवार, वेळ सकाळची.

रविवारी सकाळी आमच्या घरात एकच गोष्ट घडते. भाचा मार्चपासून सीएच्या आर्टिकलशिपसाठी आमच्याकडे राहतो आणि आठवडाभराचे कागद छापण्यासाठी मागच्या खोलीतला जुना संगणक तासभर चालू करतो.

आता सगळे उलगडले. २०१७ च्या सुरुवातीला त्या संगणकावर मी थंडरबर्ड हा मेल उतरवून वाचण्याचा प्रोग्रॅम बसवला होता आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये पॉप चालू करून 'पॉपने मेल नेल्यावर जीमेलमधली प्रत काढून टाका' असा पर्याय स्वतःच्या हाताने निवडला होता. एकाच पुस्तकाची नोंद दोन कपाटांत नको, असा त्यामागचा माझा ग्रंथपाली हिशेब होता. पॉप ही पद्धत मुळातच पुस्तक घरी नेण्यासारखी आहे: सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायचा आणि तो तुमच्या यंत्रावर राहणार. आयमॅप ही दुसरी पद्धत म्हणजे वाचनकक्ष, पुस्तक तिथेच राहते आणि कोणत्याही टेबलावरून वाचता येते. त्याच वर्षी स्मार्टफोन आला, संगणकावर प्लॅस्टिकचे आवरण चढले आणि ते सेटिंग मी साफ विसरले.

भाच्याने आल्यावर संगणक पुसला, प्रोग्रॅम अद्ययावत केले, थंडरबर्डमध्ये स्वतःचे खाते जोडले आणि जाता जाता मावशीचेही सुरू करून दिले. त्या वेळी फोनवर आलेला कोड मीच त्याला स्वयंपाकघरातून मोठ्याने वाचून दाखवला होता. त्याने पुढे फक्त स्वतःचे मेल पाहिले. जीमेल पॉपवर मेल देते ते जुने आधी, दर खेपेला काही शे, असे. त्यामुळे दर रविवारी माझी सात वर्षे टप्प्याटप्प्याने २०१७ कडून पुढे सरकत त्या संगणकात उतरत होती आणि इकडे बिनमध्ये पडून महिन्याने पुसली जात होती. जुलैमध्ये ही गाडी चालू महिन्यापर्यंत पोहोचली, तेव्हा कुठे मला काही जाणवले. खरे सांगायचे तर त्याआधी दोन सोमवारी इनबॉक्स हलका दिसल्यावर आपण बरे नेटके राहू लागलो आहोत, असे मला वाटले होते.

म्हणजे सात वर्षांच्या पत्रांची एकमेव प्रत आता त्या जुन्या हार्ड डिस्कवर होती, आणि ती डिस्क सुरू होताना टकटक आवाज करते. भाच्याला मी तिला हात लावू दिला नाही. आधी फोनवर नाही, तर दुसऱ्या संगणकावर जीमेल उघडून पॉप बंद केले. मग जुन्या संगणकाची इंटरनेटची केबल काढली, तो सुरू केला आणि थंडरबर्ड उघडण्याआधी त्याचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डर दोन वेगवेगळ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. आत 'इनबॉक्स' नावाची एकच अगडबंब फाइल असते आणि सगळे मेल तिच्यात एकामागोमाग एक चिकटलेले असतात. प्रत होईपर्यंत पाऊण तास मी त्या खोलीतून हलले नाही. त्यानंतर उघडून पाहिले तर साडेअठरा हजार मेल, सगळे ठळक अक्षरांत, न वाचलेले म्हणून. २०२१ साली गेलेल्या माझ्या मैत्रिणीची शेवटची तीन पत्रेही त्यांत होती आणि ती मी वाचली होती, हे त्या यंत्राला ठाऊक नव्हते.

परत पाठवण्याचा मार्ग सोपा आहे, पण सावकाश आहे. लॅपटॉपवर थंडरबर्डमध्ये खाते आयमॅपने जोडले, डिस्कवरची प्रत स्थानिक फोल्डर म्हणून उघडली आणि तिथले मेल निवडून जीमेलच्या नव्या लेबलमध्ये ओढून टाकले. मूळ तारखा कायम राहतात. एकदम हजारो टाकले की मध्येच अडकते, म्हणून मी चारशेच्या गड्ड्या केल्या.

अडचण जागेची निघाली. १५ जीबीची मर्यादा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते आणि जून २०२१ पासून नवे फोटोही तिच्यात मोजले जातात. ती पूर्ण भरली की नवा मेल येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. म्हणून आधी त्याच तपशीलवार शोधात दहा एमबीपेक्षा मोठे मेल काढले. गणेशोत्सवाचे व्हिडिओ, एकाच सहलीचे चौघांनी पाठवलेले तेच फोटो, कुठल्याशा परिषदेची सादरीकरणे. दीडशे मेल काढल्यावर जवळजवळ अडीच जीबी मोकळी झाली. हजारो जाहिराती पुसून एवढी जागा कधीच मिळाली नसती, आणि लोक नेमके तेच करत बसतात.

याच ओघात खात्याची इतर दुरुस्ती केली. पासवर्ड विसरल्यास मदतीसाठी दिलेला पर्यायी पत्ता व्हीएसएनएलचा होता आणि फोन क्रमांक महाविद्यालयाच्या कार्यालयाचा. दोन्ही बदलले. टेकआउट या, आपला मजकूर उतरवून घेण्याच्या गूगलच्या सोयीतून सगळ्या मेलची एक प्रत मागवली. ती उतरवून घेण्याचा दुवा आठवडाभरच चालतो, म्हणून तो आल्याच्या दिवशीच काम उरकले. दोन वर्षे खाते वापरलेच नाही तर ते काढून टाकण्याचे गूगलचे धोरण आहे, आणि माझे वय पाहता हा प्रश्न अगदीच काल्पनिक नाही. बँकेत वारस नेमतो तशी सोय इथेही आहे. खाते किती महिने निष्क्रिय राहिल्यावर कोणाला कळवायचे आणि काय काय हाती द्यायचे, हे ठरवता येते. तीन, सहा, बारा आणि अठरा महिन्यांपैकी मी सहा निवडले आणि भाच्याचा पत्ता घातला. तो म्हणाला, "मावशी, सगळे घालवले मी आणि वारसही मीच?"

अहवाल सभेपूर्वी सभासदांना गेला. रोज रात्री जेवणानंतर मी चारशे मेल चढवते. सध्या २०२० चा मे महिना चालू आहे.