‘त्याना सोभावच तसा शे’

बुधवार, रात्री

आमच्या गल्लीत निदानाला डॉक्टर लागत नाही. अमळनेरकडच्या कुठल्याही गावासारखंच. ओट्यावर चारजण टेकले, की समोरून गेलेल्या माणसाचा निकाल तयार: ‘त्याना सोभावच तसा शे.’ म्हणजे, त्याचा स्वभावच तसा आहे.

आज सकाळी पाळी समोरच्या आबांची होती. दहा वाजले तरी अंगणात खाटेवर, तोंडावरून गोधडी. ‘वावर सोडीसन झोपा काढस,’ नाना म्हणाले. खाटेखाली चिखलाने माखलेले गमबूट होते, शेजारी बॅटरी. या आठवड्यात आमच्या फीडरला, म्हणजे आमच्या भागाच्या वीजवाहिनीला, पाण्याची मोटार चालवणारी थ्री फेज लाइट रात्रीची आहे. डिसेंबरच्या थंडीत गव्हाला बारे द्यायचे, पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचं. मध्येच लाइट गेली तर बांधावर बसून वाट बघायची. नानांना हे ठाऊक नाही असं नाही, त्यांची मोटारही त्याच फीडरवर आहे. फक्त त्यांच्याकडे रात्री सालदार जातो.

परिस्थिती सोडून स्वभावावर बोट ठेवायची माणसाची ही खोड अमेरिकेतल्या जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली पकडली होती. क्यूबाच्या कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध लोकांना वाचायला दिले. लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती, हे सांगूनही वाचणाऱ्यांना वाटलं, याच्या मनात तेच असणार! पुढे १९८४ मध्ये जोन मिलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शिकागो आणि म्हैसूरच्या लोकांना ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणं विचारली. मोठ्यांमध्ये शिकागोकर स्वभावाकडे जास्त बोट दाखवत, म्हैसूरकर परिस्थितीकडे. लहान मुलांत मात्र फारसा फरक नव्हता.

म्हैसूरऐवजी मिलरबाई आमच्या ओट्यावर आल्या असत्या तर काय लिहिलं असतं कोण जाणे. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपलीच ना? पण ‘आपलं ते बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हीही आपलीच, आणि मला ती जास्त खरी वाटते. नानांचा मुलगा एमपीएससीत मागे राहिला तेव्हा ‘सरकार जागाच काढत नाही.’ शिंप्याचा राहिला तेव्हा ‘अभ्यास कोण करस?’ परीक्षा एकच, साल एकच. परिस्थिती आपल्याला नीट दिसते, पण ती नात्यातच वाटली जाते. आबा नानांच्या भावकीतले असते, तर आज सकाळी ओट्यावर सगळ्यांनी लाइटवाल्यांना शिव्या घातल्या असत्या.