दुष्काळाचा तास आणि बाहेर धो धो पाऊस

सोमवार, रात्री सव्वादहा

एकतीसपैकी चौदाच पोरं आली आज. भांडुप स्टेशनला उतरले तेव्हाच पाऊस असा कोसळत होता की वर डोंगराकडे यायला एक शेअर रिक्षावाला तयार होईना, शेवटी दुप्पट पैसे देऊन आले, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि बॅगेत काय घेऊन आलेय तर दुष्काळाचा उतारा! स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मनसोक्त हसून घेतलं. हसा म्हटलं.

पण हा उतारा मी उगीच नव्हता काढला. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे, शिवनेरी, १९ फेब्रुवारी १६३०, हे आमची पोरं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. त्याच १६३० मध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि दख्खन, गुजरातेत पुढची दोनेक वर्षं माणसं अन्नावाचून मेली, गावंच्या गावं उठली, हे मात्र कुणाच्या डोक्यात नसतं. तुकाराम महाराजांची पहिली बायको त्याच दुष्काळात गेली, त्यांनीच अभंगात सांगून ठेवलंय. म्हणजे तिकडे देहूला हे चाललेलं आणि इकडे शिवनेरीवर बाळ रांगतंय. मला हे जोडून बघायला फार आवडतं. म्हणून मराठीच्या तासाला पानभर उतारा स्वतःच लिहून काढला, धड्याखालचे प्रश्न पोरं गाइडमधून उतरवतात, याचं गाइड निघालेलं नाही अजून.

पहिलाच प्रश्न, दुष्काळ म्हणजे काय? पहिल्या बाकावरून लगेच उत्तर, "पाणी न येणं, बाई." दुसरी म्हणाली, "आमच्या गल्लीत मंगळवारी दुष्काळ होता, मोटर जळाली होती." मी घाईघाईने म्हटलं, नाही नाही, नळाला पाणी नाही याला दुष्काळ नाही म्हणत. आता लिहिताना वाटतंय की कशाला म्हटलं मी असं. यांच्या वस्तीत पहाटे चारला पाणी सुटतं आणि पाचला जातं, हंडे भरायला हीच पोरं उठतात आणि माझ्या पहिल्या तासाला डुलक्या घेतात. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र इथून हाकेच्या अंतरावर, अर्ध्याहून जास्त मुंबईचं पाणी तिथून साफ होऊन पुढे जातं, आणि त्याच्याच डोक्यावर राहणाऱ्यांकडे एक तास. बरं, ते राहू दे.

मग शब्द फोडायला घेतला. काळ म्हणजे वेळ, आणि आधी लागलेला तो 'दुस्' म्हणजे वाईट. असे आणखी शब्द सांगा म्हटलं तर दुर्गंधी, दुर्दैव, दुर्बळ इथपर्यंत गाडी छान चालली, मग एकजण उठून म्हणाला "दुकान!" वाईट कान. त्याच्यामागून दुधी. मग पाच मिनिटं वर्ग हातात राहिला नाही. पण त्या गोंधळातच एका पोरीने विचारलं, "बाई, मग यात पाणी कुठाय?" मी म्हटलं कशात, तर म्हणे शब्दात. खरंच की. ना पाऊस आहे त्यात, ना पाणी, ना शेत. नुसता वाईट काळ. उलट केलं तर सुकाळ, त्यातही पाणी नाही. पंधरा वर्षं शिकवतेय, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

'दुष्काळात तेरावा महिना'ची पण मजा झाली. मला वाटलेलं की पोरं विचारतील तेरावा महिना कुठून आला, तर एकाने छातीठोकपणे सांगितलं, "बोनस!" त्याचे पप्पा कंपनीत आहेत, दिवाळीला तेराव्या महिन्याचा पगार मिळतो. मग फळ्यावर अधिक महिना काढून दाखवला, दर दोन-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला होता, आणि घरात धान्य बारा महिन्यांचंच असेल, तेही अर्धंमुर्धं, तर तो तेरावा महिना कसा काढायचा. हे समजल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. होमवर्क दिला की घरात मोठ्या माणसांना विचारा, तुम्ही दुष्काळ बघितला का, पाच वाक्यं लिहून आणा.

बुधवार

वह्या तपासायला मंगळवारीच घरी आणल्या होत्या. बावीस वह्यांमध्ये "पाणी हे जीवन आहे" हे वाक्य अठरा वेळा. मोबाइलवरून उतरवलेला निबंध, "वृक्षतोडीमुळे दुष्काळ पडतो आपण सर्वांनी झाडे लावली पाहिजेत". मी कुणाला विचारून या म्हटलं होतं, आणि पोरांनी कुणाला विचारलं तर गूगलला. रात्री अकरापर्यंत लाल पेन चालवून चालवून डोकं उठलं माझं.

त्यात शेवटच्या बाकावरच्या एका पोराची वही. हा कधीच पाच वाक्यं लिहीत नाही, तीन लिहिली होती. आजी खडी फोडायची. आजीला सुकडी मिळायची. आजीला मिलो आवडत नाही. बस. मी 'मिलो'ला गोल केला, वर लिहिलं 'मिळालेले?', शेजारी प्रश्नचिन्ह आणि खाली शेरा, 'वाक्य पूर्ण करा, शुद्धलेखनाकडे लक्ष द्या'. आणि झोपले.

आज शाळा सुटताना गेटवर आजी उभी. नऊवारी, डोक्यावर प्लॅस्टिकची गोणी दुमडून केलेली खोळ, हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली वही. नातू मागे लपलेला. मला वाटलं झालं, आता भांडण. तर ती वही उघडून त्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, ह्ये लाल कशापायी वो? मला वाचाया येत न्हाई, पर लाल कळतं."

मी सांगितलं की हा शब्द चुकलाय बहुतेक, मिळालेले असं हवं असेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली, दात नाहीत फारसे. "न्हाई वो बाई. मिलोच त्यो. लाल लाल ज्वारी, आमेरिकेची. बाहत्तर सालच्या दुस्काळात यायची."

माझी आजी गिरगावातली. आमच्या घरात दुष्काळ म्हणजे रेशनवर साखर कमी मिळाली, इतकंच. १९७२ चा दुष्काळ मला माहीत होता तो आकडे आणि कारणं यांच्यात, मिलो हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. आणि ज्या पोराने कॉपी न करता खरंच विचारून आणलं होतं, नेमका त्याचाच शब्द मी गोल केला.

गेटच्या पत्र्याखाली पाऊण तास उभ्या होतो आम्ही. ती दहिवडीकडची, साताऱ्यातल्या माण तालुक्यातली. तेव्हा पंधरा-सोळाची असेल, लग्नाला वर्ष झालेलं. पाझर तलावाच्या कामावर जायची, आधी माती वाहिली मग रस्त्यावर खडी फोडायला बसवली. बोलता बोलता तिने डावा हात पुढे केला, तर्जनीचं नख आडवं वाढलेलं, मधोमध फाटल्यासारखं. हातोडी लागलेली. पन्नास वर्षं ते नख असंच उगवतंय म्हणे. मुकादम हजेरी घ्यायचा, कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, वाटायचे ती पदरात घेऊन यायची आणि अर्धी घरी दिराच्या पोराला. मिलोची भाकरी काही नीट व्हायची नाही, घशाखाली उतरायची नाही. "पर खाल्ली. न्हाई खाऊन जाताव कुठं."

मी विचारलं पाण्याचं काय करायचा. तर म्हणाली, "हिरीला घोटभर पानी व्हतं की. दाना नव्हता." हे वाक्य मी आधी कुठून तरी ऐकलेलं, आमच्या स्टाफमध्ये बीडचे सर आहेत ते नेहमी म्हणतात की बाहत्तरला पाणी होतं धान्य नव्हतं, आता धान्य आहे पाणी नाही. मला ती सरांची भाषणबाजी वाटायची. नखाकडे बघत ऐकलं तेव्हा नाही वाटली.

नवरा आधी मुंबईत आला, दोन वर्षांनी ही. गावाकडचे बरेच लोक तेव्हा इकडे निघून आले. म्हणजे माझ्या शेवटच्या बाकावरचं हे पोरगं इथे भांडुपात का आहे याचं उत्तर त्याच तीन वाक्यांत होतं.

गुरुवार

बावीसच्या बावीस वह्या बाजूला ठेवल्या. आज आधी स्वतःची चूक फळ्यावर लिहिली, पोरांना हे फार आवडतं, बाईंची चूक. मग त्याला उभं करून मिलो म्हणजे काय ते सांगायला लावलं. सांगितलं त्याने, मान खाली घालून, पण सांगितलं. मग मी रात्री वाचून ठेवलेलं जोडलं, मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, आणि याची आजी त्यांतली एक. मागेल त्याला काम, ही रोजगार हमी योजना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली, १९७७ मध्ये आपल्या राज्याने तिचा कायदा केला, देशाने केला तो २००५ मध्ये. कायद्यात कुणाला रस नव्हता. "बाई, पन्नास लाख लोकांना सुकडी कोण बनवत होतं?" हा प्रश्न आला. उत्तर माझ्याकडे नाही. आजीला विचारून ये म्हटलं.

मग पाणी नसलेला दुष्काळ दाखवायला लातूरची ट्रेन सांगितली, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून टँकरच्या वाघिणींमधून पाणी गेलं होतं, पहिल्या फेरीला साधारण ५ लाख लिटर. पोरांचे डोळे हे एवढे. किती हंडे होतील बाई? पंधरा लिटरचा हंडा धरून मराठीच्या तासाला भागाकार केला, तेहतीस हजारांच्या वर. मंगळवारी मोटर जळालेली ती मुलगी हळूच म्हणाली, "मग तो तर दुष्काळ होता ना पाणी न येण्याचाच?" हो म्हटलं. सोमवारचं माझं वाक्य मागे घेतलं, तेही सगळ्यांसमोर.

शेवटी शब्दकोशाचा क्रम. भिंतीवर आमचा वर्गाचा शब्दकोश आहे, कार्डशीटच्या पट्ट्यांचा, नवा शब्द आला की योग्य जागी चिकटवायचा. खडी, मुकादम, सुकडी पटापट लागले. मिलोवर अडलं, र आधी की ल आधी यावर दोन बाकांत मारामारीच व्हायची बाकी होती. सगळी मुळाक्षरं क्ष-ज्ञ पर्यंत मोठ्याने म्हणून झाल्यावर जागा सापडली, मिरचीच्या खाली आणि मिशीच्या वर. अर्थ त्यानेच लिहिला, त्याच्या तिरक्या अक्षरात, 'लाल ज्वारी. आजीला आवडत नाही.' सहा शब्दांत एकही चूक नाही. बरं, पाचच आहेत, आत्ता मोजले.