समुद्रघोड्यांसाठी दुसरी टाकी

तीन वर्षं माझी खाऱ्या पाण्याची टाकी छान चालली होती. क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग मासा, टॉर्च आणि हॅमर या जातींचे कोरल (प्रवाळ), पाणी २६ अंशांवर. एवढं जमतंय तर समुद्रघोडेही जमतील, असं मी धरून चालले.

आणताना एक गोष्ट मात्र बरोबर केली. टाकीतच जन्मलेली, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव) खायला शिकलेली इरेक्टस जातीची जोडी घेतली. समुद्रातून पकडलेले समुद्रघोडे पुष्कळदा जिवंत खाद्याशिवाय तोंड उघडत नाहीत, वर रोग घेऊन येतात ते वेगळंच. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००४ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे आणि भारतात त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा तुम्ही जिथे असाल तिथला कायदा आधी बघा, आणि प्राणी कुठून आला त्याचे कागद मागायला लाजू नका.

दोघांना त्याच जुन्या टाकीत सोडलं, आणि पहिल्याच जेवणाला गोंधळ. समुद्रघोड्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. तो मायसिस आधी एका डोळ्याने निरखतो, मग दुसऱ्याने. थोडा पुढे सरकतो, थांबतो, पुन्हा बघतो. तोवर क्लाउनने तो तुकडा गिळून पुढचा धरलेला असतो. मी जास्त खाद्य टाकलं, तर टँग जास्त जाडजूड झाला. समुद्रघोड्याला जठर नसतं, खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा खावं लागतं. एक दिवस उपास घडला तरी तब्येतीवर दिसतं.

चौथ्या दिवशी मादीच्या शेपटीच्या टोकाला पांढरा डाग दिसला. हा छंद मी ज्यांच्याकडून शिकले त्या काकांना फोन लावला.

"कशाला धरून बसली होती?"

"टॉर्चला."

काका क्षणभर बोललेच नाहीत. "अगं, तिला धरायला काहीतरी लागणारच. तू समोर टॉर्च ठेवलास, तिने टॉर्च धरला. पाणी किती? सव्वीस? आधी दोघांना बाहेर काढ, मग बोलू."

टॉर्चच्या टोकांवर डंख मारणाऱ्या पेशी असतात. बाकीचे मासे चटका बसला की पळतात. समुद्रघोड्याची सवय उलटी, एकदा शेपूट गुंडाळली की तो सोडत नाही. त्यात पाणी कोमट असलं की व्हिब्रिओ नावाचे जिवाणू फोफावतात आणि साधी जखम सडायला लागते. दोघांना एका छोट्या टाकीत हलवलं. आत स्पंज फिल्टर आणि प्लॅस्टिकचं एक झाड, बस. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आणि रोज थोडं पाणी बदलणं. जखम भरली, पण शेपटीचं शेवटचं टोक कडक झालं. ते आता वळत नाही.

काकांचं म्हणणं सरळ होतं: यांची टाकी वेगळी. मला ते पटायला आठवडा लागला, कारण त्यात माझी हार होती.

नवी टाकी तळाला ४५ बाय ४५ सेंटिमीटर आणि उंचीला ६० घेतली, म्हणजे जेमतेम १२० लिटर. उंची हवीच. जोडी सकाळी एकमेकांभोवती फिरत वर वर जाते, आणि उथळ पाण्यात नराच्या पोटावरच्या, पिल्लं वाढवायच्या पिशवीत हवा भरण्याचा त्रास जास्त होतो असं जाणकार सांगतात. पाणी चिलरने २३ अंशांवर. पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) तोंडाला जाळी आणि फोम, नाहीतर शेपूट आत ओढली जाते. समुद्रघोड्यांना संथ पाणी लागतं, ही समजूत मात्र मी सोडून दिली. पाणी हललं नाही की उरलेलं खाद्य कोपऱ्यात कुजतं. प्रवाह बऱ्यापैकी असावा, फक्त एका बाजूला निवांत टेकायला जागा हवी.

कोरल निवडताना डोळ्यांना आवरावं लागलं. डंख मारणारे टॉर्च, हॅमर, अ‍ॅनिमोनी बाद. मश्रूम, झोअँथस, एक लेदर आणि एक जांभळा, झुडपासारख्या फांद्यांचा गॉर्गोनियन घेतला. मश्रूममध्येही एलिफंट इअर नावाचा मोठा प्रकार टाळला, तो मिटून मासा गिळतो. झोअँथस हाताळताना हातमोजे घालते. त्यांच्यातल्या काही जातींत फार जहाल विष असतं. या मंडळींना २३ अंश चालतात, आणि दिवसातून तीन वेळा खाद्य पडल्याने वाढणारं नायट्रेटही ती थोडंफार सोसतात. तरी दर आठवड्याला पाणी बदलावंच लागतं.

माशांमध्ये एक फायरफिश आणि एक छोटा गोबी, एवढंच. मँडरिनचा मोह झाला होता, पण तो दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत असतो आणि एवढ्याशा टाकीत ते त्याला पुरले नसते.

आता जेवण असं होतं. खडकावर शिंपला ठेवलाय. मी लांब नळीने त्यात मायसिस सोडते आणि प्रवाह दहा मिनिटं बंद करते. दोघं आडवे होत शिंपल्यावर येतात, नळीसारखं तोंड मायसिसच्या अगदी जवळ नेतात आणि टक्! काचेला कान लावला तर तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. मायसिस दिसेनासा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं काचेला तडा गेला. गोबी शिंपल्याखाली बसून सांडलेलं गोळा करतो. अर्ध्या तासाने उरलेलं मी नळीने ओढून घेते.

तक्रार आता एकच. मादी रोज रात्री गॉर्गोनियनच्या त्याच एका फांदीला विळखा घालून झोपते. सतत घासून तिथले पॉलिप (कोरलचे फुलासारखे उघडणारे इवले जीव) उघडेनासे झाले, मग साल गेली, आता आतला काळा दांडा दिसतो आणि त्यावर शेवाळ धरलंय. शेजारी मी मुद्दाम प्लॅस्टिकचं झाड रोवलं, आजारपणात ती ज्याला धरून होती तेच. त्यावर नर बसतो. ती अजूनही तिच्या टकल्या फांदीवरच, कडक टोक बाहेर काढून.