पोस्टजीआयएस सोर्सवरून, तेही मे महिन्यात

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागांची मोजणी करून नकाशे देणं हा माझा धंदा. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) कुठे, कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) कुठे, ठिबकची मेन लाइन कुठून गेली, सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. त्याला नकाशे कळावेत म्हणून जोडायचं पोस्टजीआयएस नवं हवं होतं, पण त्याच मशीनवर बिलिंग चालतं, त्यामुळे जुन्या डेबियनला (त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला) हात लावायची सोय नव्हती. मग सगळा संच सोर्सवरूनच, म्हणजे मूळ कोडपासून, कंपाइल करून वेगळ्या फोल्डरमध्ये, /ऑप्टखाली, बसवायचं ठरवलं.

क्रम ठरलेला: आधी प्रोज (निर्देशांक बदलणारी लायब्ररी) आणि जिऑस (आकारांची भूमिती करणारी), मग जीडॅल (नकाशांच्या फाइली वाचणारी), पोस्टग्रेस आणि सगळ्यात शेवटी पोस्टजीआयएस. कॉन्फिगर, म्हणजे बांधणीआधीची तपासणी, अडतं ते बहुतेक वेळा हेडर फाइल्स नसल्याने. लायब्ररी मशीनवर असते, तिच्या हेडर फाइल्स असलेलं 'डेव्ह' पॅकेज नसतं. हे काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

खरा घाम जीडॅलने काढला. सी-प्लस-प्लसचं अवाढव्य प्रकरण! एकाच वेळी आठ जॉब चालवले की प्रत्येक कंपाइलर आपापली मेमरी खातो आणि मध्येच नुसतं 'किल्ड' छापून बिल्ड थांबतं. 'डीमेसेज' या सिस्टिमच्या नोंदीत बघितलं तर कर्नलनेच (सिस्टिमच्या गाभ्याने) मेमरी संपली म्हणून गळा आवळलेला असतो. दोन जॉबवर आणलं की चालतं, पण मग वेळ लागतो. त्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या आसपास. दुपारी प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून बिल्ड रात्री, कूलर लावून.

आणि रात्रीच लाइट गेली. बिल्ड चालवणाऱ्या मेकला फाइलींच्या वेळा कळतात, त्यामुळे झालेलं काम तो पुन्हा करत नाही, हे बरं. पण वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली एक ऑब्जेक्ट (.ओ) फाइल, म्हणजे कंपाइल झालेला तुकडा, शून्य बाइटची राहिली होती. वेळ ताजी, म्हणून मेक तिला तयार समजतो आणि असे तुकडे जोडणारा लिंकर मात्र तक्रार करतो. 'फाइंड'ने रिकाम्या .ओ फाइली शोधून उडवल्या आणि पुन्हा मेक दिलं. मागे उभा मित्र म्हणाला, "काय भो, बाजारात तयार नाही मिळत का हे?" मिळतं. पण त्याला काय सांगणार!

पोस्टग्रेस सुरळीत झालं. डेटाबेसची जागा तयार करणारं 'इनिटडीबी' रूटने (मुख्य युजरने) चालत नाही, वेगळा युजर लागतो, एवढंच. डेटाबेसमध्ये पोस्टजीआयएसचं एक्स्टेंशन तयार करताना मात्र जिऑसची लायब्ररी सापडत नाही असं उत्तर आलं. कोणती लायब्ररी कुठून लागते ते दाखवणारं 'एलडीडी' लावलं तर समोर 'नॉट फाउंड'. सिस्टिमभर 'एलडीकॉन्फिग' केलं असतं तर बिलिंगलाही नव्या लायब्रऱ्या दिसल्या असत्या, ते नको होतं. म्हणून लिंक करतानाच आरपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायची ते फाइलमध्येच लिहिलेलं असतं तिथे) आपल्या फोल्डरचा पत्ता घालून पोस्टजीआयएस पुन्हा बांधलं. मग 'पोस्टजीआयएस_फुल_व्हर्जन' चालवून जिऑस आणि प्रोजच्या आवृत्त्या ताडून पाहिल्या. नुसतं चालू झालं यावर माझा विश्वास नसतो. मशीनवरची जुनी प्रतही गुपचूप लागू शकते.

पहिली चाचणी यावलच्या एका बागेवर घेतली. अक्षांश-रेखांशातच क्षेत्रफळ काढलं तर उत्तर चौरस अंशांत येतं, ते सातबाऱ्याला काय कामाचं? आधी ३२६४३ या कोडमध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात बदलायचं. त्याची मध्यरेषा ७५ अंश, अमळनेरजवळून जाणारी, त्यामुळे आपल्या भागाला तो चपखल बसतो. चौरस मीटरला शंभराने भागलं की आर. टेपने मोजलेल्या क्षेत्राशी आकडा जुळला, तेव्हा बाकीच्या बागा आत ओतायला घेतल्या.