व्हॅस्क्युलायटिसचा रुग्ण आणि मानेतली लाइन

डायलिसिस विभागात व्हॅस्क्युलायटिसचा रुग्ण आला की त्याच्या मानेतल्या लाइनकडे, म्हणजे शिरेत टाकलेल्या नळीकडे (कॅथेटरकडे), मी जरा अधिक काळजीने पाहते. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. मूत्रपिंडातील बारीक वाहिन्यांना सूज आली की रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा घटक) भराभर चढते आणि फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडून केलेला मार्ग) तयार होण्याइतका अवधीच नसल्यामुळे मोठ्या शिरेत कॅथेटर टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

असे कॅथेटर कोणाच्याही शिरेचे अस्तर दुखावते आणि तिथला प्रवाह मंदावते. व्हॅस्क्युलायटिसमध्ये मात्र रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेले असते. या आजाराच्या जीपीए नावाच्या प्रकारावर 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिरांमधील गुठळ्यांचे प्रमाण दर 100 रुग्णांमागे वर्षाला सुमारे 7 आढळले. एरवी प्रौढांमध्ये ते हजारी एक-दोन असते. आजार भडकलेला असताना धोका सर्वाधिक असतो, आणि लाइनही नेमकी त्याच दिवसांत पडते. लघवीतून प्रथिने जात असतील तर त्यांच्यासोबत गुठळीला आवर घालणारे अँटिथ्रॉम्बिनही जाते. प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये, म्हणजे रक्तातला द्रवभाग (प्लाझ्मा) बदलण्याच्या उपचारात, काढलेल्या प्लाझ्माच्या जागी केवळ अल्ब्युमिन हे प्रथिन दिले तर अँटिथ्रॉम्बिन आणखी घटते.

नळीच्या आत गुठळी झाली तर फ्लो मिळत नाही आणि मशीनचा अलार्म वाजू लागतो, म्हणून ती लगेच कळते. नळीबाहेर, शिरेत झालेली गुठळी मात्र लाइन उत्तम चालू असतानाही वाढत राहू शकते. त्या बाजूचा हात जड वाटणे, काल सैल असलेली बांगडी आज मनगटात रुतणे, मान किंवा चेहरा सुजणे, छातीवर निळसर शिरा उठून दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉप्लरची (शिरांमधला प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीची) वाट पाहत आठवडा घालवू नये. (बांगडीची तक्रार रुग्णापेक्षा नातेवाइकांच्याच आधी लक्षात येते.)

गुठळी सापडली म्हणून लाइन लगोलग काढलीच पाहिजे असे नाही. ती चालत असेल, गरजेची असेल आणि जंतुसंसर्ग नसेल, तर ती ठेवून रक्त पातळ करणारी औषधे साधारण तीन महिने तरी देतात. खरी कसोटी लागते ती फुप्फुसात रक्तस्राव होत असलेल्या रुग्णात, कारण तिथे तेच औषध जिवावर बेतू शकते.

म्हणूनच मला वाटते, सर्वांत सुरक्षित लाइन ती, जी टाकावीच लागली नाही. प्लाझ्मा एक्स्चेंजसाठीही बहुधा अशीच लाइन लागते. त्या उपचाराच्या, 704 रुग्णांवरील पेक्सिव्हास चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. प्लाझ्मा एक्स्चेंजमुळे मृत्यू किंवा मूत्रपिंड कायमचे निकामी होणे यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. त्यामुळे ते आता निवडक रुग्णांनाच दिले जाते. प्रतिकारयंत्रणेला आवरणारे रिटुक्सिमॅब हे औषध तर हाताच्या साध्या शिरेतूनही देता येते. सारखे टोचणे नको म्हणून नातेवाईक कधी पिक लाइनचा (दंडाच्या शिरेतून टाकायच्या लांब नळीचा) आग्रह धरतात. पण मूत्रपिंडे अधू असलेल्या रुग्णात दंडाच्या त्या शिरेत गुठळी झाली, तर पुढे फिस्टुलासाठी तो हातच उपयोगाचा राहत नाही.