दुसरा दिवस

रविवार, १ मार्च. लीहाय, युटा.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे समोरच्या मॉर्मन घरी उपास. दोन वेळचं जेवण सोडायचं, त्याचे पैसे गरिबांसाठी द्यायचे आणि चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने माइकपाशी जाऊन साक्ष द्यायची: ‘हे चर्च सत्य आहे हे मला ठाऊक आहे.’ ‘वाटतं’ नाही, ‘ठाऊक आहे’. आईने कानात सांगितलेलं हे वाक्य चिमुरडी पोरंही म्हणून येतात.

संध्याकाळी समोरची मैत्रीण आली. उपास सुटला होता, तरी थालीपिठाचे नुसते तुकडे करत बसली. चहा विचारायचा प्रश्नच नव्हता. १८३३च्या त्यांच्या आज्ञेत ‘गरम पेयं’ वर्ज्य आहेत, म्हणजे चहा आणि कॉफी. गरम कोको मात्र चालतो! मी दूध तापवलं.

तिच्या लेकीचं लग्न ठरलंय, टेम्पलमध्ये, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या, खास विधींच्या मंदिरात. आत जायला ‘रेकमेंड’ लागतं, पाकिटात मावेल एवढा परवाना, दोन वर्षांचा. तिचा संपत आलाय. नव्यासाठी बिशपसमोर बसायचं. हा बिशप म्हणजे बिनपगारी, गल्लीतलाच माणूस, एरवी लोकांचे दात काढतो. दशांश देतेस का, दारू-तंबाखू नाही ना, इथवर तिला काही अडचण नाही. संस्थापक जोसेफ स्मिथकरवी खरं चर्च पुन्हा उभं राहिलं यावर तुझी श्रद्धा आहे का, इथे गाडी अडते. नाही म्हटलं तर आई बाहेर आणि लग्न आत.

त्यांच्यात एक शब्द आहे, ‘शेल्फ’. सुटत नाही तो प्रश्न फळीवर ठेवून द्यायचा, देव कधीतरी उत्तर देईल. १९७८पर्यंत काळ्या पुरुषांना पुरोहितपद का नव्हतं? फळीवर. त्यांचा एक धर्मग्रंथ, अब्राहमचा ग्रंथ, ज्या पपायरसवरून आला म्हणतात, त्याचे तुकडे १९६७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने चर्चला परत दिले आणि जाणकारांनी वाचले तर ते मृतांसोबत ठेवायचे इजिप्शियन मंत्र. तेही फळीवर. मग २०१४ साली चर्चनेच जोसेफ स्मिथच्या बहुपत्नीत्वावर निबंध काढला. तीस ते चाळीस बायका. त्यातल्या एकीला पंधरावं लागायला काही महिने बाकी होते.

“शत्रूंनी लिहिलं असतं तर मी वाचलंच नसतं,” ती म्हणाली. “पण हे आमचंच होतं. आणि शेजारच्या खोलीत माझी चौदा वर्षांची पोर झोपली होती.”

तेव्हापासून फळी मोडलेली. बारा वर्षं झाली. नवऱ्याला माहीत नाही. दर रविवारी ऑर्गन तीच वाजवते. गेल्या महिन्यात चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी विसळताना तोंडातून अर्धं वाक्य निसटलं, तर शेजारची बाई मान वर न करता म्हणाली, “माझं २०१५ला.” त्या साली समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारायचा नियम आला होता (२०१९ला मागे घेतला). बाईचा मुलगा तसा आहे. दोघींनी उरलेली भांडी पुसली आणि घरी गेल्या. वीस वर्षं एका वॉर्डात, चर्चच्या एकाच मंडळीत!

मी जरा मोठेपणाने म्हटलं, “आमच्याकडे बरं आहे. देव न मानणारा माझा भाऊही आरतीत टाळ वाजवतो, त्याला कुणी काही विचारत नाही.”

“तुलाही नाही?”

उत्तर द्यायला मला वेळ लागला. कारण मला विचारतात. गौरींच्या दिवशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, हळू आवाजात: “अडचण नाही ना गं?” तिला समजावून सांगितलं. कोको तसाच राहिला.

“मग तू काय सांगतेस?”

“एकदा ‘नाही’ म्हणाले. सासूबाईंच्या हाताला हात लावून पुरण वाटलं, नैवेद्य वाढला, सगळं केलं.”

“आणि खरं?”

“दुसरा दिवस होता.”

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग बराच वेळ बोलली नाही. गार झालेलं थालीपीठ तेवढं संपवलं.

मुलाखत गुरुवारी आहे.